नांगरकर्ते लक्ष्मणराव किर्लोस्कर

ज्यांनी लढाया जिंकल्या, राज्ये स्थापिली किंवा मोठमोठे ग्रंथ लिहिले, त्यांची चरित्रे शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापुढे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने शेतकऱ्याच्या हातातील अवजार सुधारले, आणि ते मोडल्यावर पुन्हा चालू कसे होईल ह्याचीही काळजी वाहिली, अशा पुरुषाची आठवण क्वचितच निघते. कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे अशा पुरुषांपैकी एक होत. आपल्या वडनेर भोलजीच्या पंचक्रोशीत त्यांचे आडनाव पुष्कळांस विहिरीवरील पंपामुळे व इंजिनामुळे ठाऊक आहे. पण त्या नावाची पत प्रथम नांगराने मिळविली. आणि त्या नांगराची कहाणी विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. हे घराणे मूळचे कोकणातील किर्लोस गावचे, म्हणून त्यांस किर्लोस्कर हे आडनाव पडले. लहानपणी शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढावी, आणि कोणतेही यंत्र दृष्टीस पडले की ते कसे चालते ते पाहावे, ह्यातच त्यांस गोडी वाटे. घरच्या मंडळींस ह्याची चिंता वाटली असल्यास नवल नाही. कारण त्या काळी शिकलेल्या मुलाने कचेरीत नोकरी धरावी हाच मार्ग सर्वांस ठाऊक होता. तथापि मुलाचा ओढा पाहून १८८५ साली त्यांस मुंबईस सर ज. जी. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी जाऊ देण्यात आले.

तेथे एक मोठेच विघ्न उभे राहिले. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाही असे आढळून आले. चित्रकाराला रंगच ओळखता आले नाहीत तर त्याने करावे काय? दुसरा एखादा मुलगा हताश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपणांस काय येत नाही ह्याचा शोक न करता काय येते ह्याचा विचार केला. रंग कळत नसले तरी रेषा अचूक येत होती. म्हणून त्यांनी यंत्रांची मापशीर रेखाचित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली, आणि तिच्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ह्या नव्याने निघालेल्या संस्थेत त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. यंत्राच्या प्रत्येक भागाची लांबी, जाडी आणि भोकांची जागा कागदावर केसभरही न चुकता उतरविणे हे त्यांचे नित्याचे काम झाले. ह्या अभ्यासाचा पुढे केवढा उपयोग झाला ते आपण पाहणारच आहोत.

मुंबईत त्या वेळी सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. १८८८ साली लक्ष्मणरावांनी आपले वडील बंधू रामूअण्णा ह्यांच्यासह बेळगावास सायकलींचे दुकान उघडले, आणि त्यास किर्लोस्कर बंधू असे नाव दिले. धाकट्या भावाने मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि थोरल्याने त्या विकाव्या व लोकांस चालविण्यास शिकवावे, असा तो प्रपंच होता. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली असता लक्ष्मणरावांस मागे ठेवून दुसऱ्यास पुढे करण्यात आले. तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. पगाराची शाश्वती सोडून त्यांनी अनिश्चित धंदा पत्करला. परंतु आपल्या हातांतील विद्येवर त्यांचा भरवसा होता.

बेळगावास त्यांनी लहानसा कारखाना काढला. जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र ही त्यांची आरंभीची कृती. त्यानंतर परदेशी लोखंडी नांगरांचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी तसा नांगर येथेच तयार करण्याचे मनावर घेतले.

ह्या ठिकाणी लाकडी आणि लोखंडी नांगरांतील अंतर नीट समजून घेतले पाहिजे. पूर्वी आपल्या वऱ्हाडातील काळ्या जमिनीत मशागतीचा मुख्य भार वखरावर असे. नांगर दरसाल लागतच असे असे नाही. परंतु हरळी आणि कुंदा ह्यांची मुळे जमिनीत खोल गेली म्हणजे वखराच्या पासेचा इलाज चालत नसे. लाकडी नांगर जमीन चिरीत जातो, पण माती उलथी करीत नाही. लोखंडी नांगराचा रुंद फाळ माती आडवी कापतो, आणि त्यामागील वळणदार पाते ती उचलून पालथी घालते. त्यामुळे तणांची मुळे वर येऊन उन्हाने वाळून जातात. हा लाभ उघड होता.

परंतु लाकडी नांगराजवळ एक मोठा गुण होता, आणि तो म्हणजे त्याचा कर्ता गावातच राहत असे. रुमणे मोडले किंवा हाळीस तडकली, तर सुतार दुसरे लाकूड तासून त्याच दिवशी बसवून देई. फाळ झिजला तर लोहार तो भट्टीत तापवून ठोकून देई. प्रत्येक नांगर वेगळ्या मापाचा असे. एकाचा भाग दुसऱ्यास बसतच असे असे नाही. तरी त्यावाचून कोणाचे अडत नसे, कारण ज्याने नांगर घडविला तोच त्याचे माप आपल्या डोळ्यांत बाळगून शेजारच्या आळीत बसलेला असे. लोखंडी नांगराचे तसे नव्हते. तो ओतणारा शेकडो मैलांवर. आणि ओतीव लोखंड, ज्यास कारागीर बीड म्हणतात, ते ठिसूळ असते, हातोड्याने ठोकून नीट होत नाही. ऐन नांगरटीच्या दिवसांत दगडाशी गाठ पडून फाळ तुटला तर शेतकऱ्याने करावे काय? पेरणी काही कोणासाठी थांबत नाही. तात्पर्य, जेथे सुतार दूर गेला तेथे त्याची जागा मापाने घेतली पाहिजे. नवा फाळ जुन्याच्या जागी तासल्याठोकल्यावाचून बसेल असा हवा. नाही तर तो लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गोठ्यात गंज खात पडावयाचा.

ही अडचण केवळ आपल्याच देशास पडली असे नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या गृहस्थाने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचा हक्क मिळविला होता. त्याने फाळ, पाते आणि बाजूची पट्टी हे सर्व एकसंध ओतले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी भीती तेथील शेतकऱ्यांसही वाटत असे. त्या भीतीवाचूनही त्या नांगरात एक खोट होतीच: एक टोक मोडले म्हणजे सारा नांगर फुकट जाई. पुढे १८१९ साली न्यूयॉर्क राज्यातील जेथ्रो वुड ह्याने नांगर वेगवेगळ्या भागांत ओतला, आणि मोडलेला भाग तेवढा काढून त्याच मापाचा दुसरा बसविण्याची सोय केली. लोकांनी हा नांगर पत्करला. इंग्लंडात इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम ह्याने तर त्याआधीच दोन महत्त्वाच्या गोष्टी साधल्या होत्या. १८०३ साली त्याने असा फाळ काढला की ज्याची खालची बाजू साच्यातील थंड लोखंडास लागून झटकन निवे व फार कठीण होई, आणि वरची बाजू वाळूत सावकाश निवून मऊ राही. चालताना वरची बाजू आधी झिजे, त्यामुळे धार आपोआप टिकून राही. दुसरी गोष्ट १८०८ सालची. नांगराचे भाग ठराविक मापाचे करून ते शेतातच सोडवावे व बदलावे अशी रचना त्याने सिद्ध केली. पुढच्या शंभर वर्षांत इंग्लिश नांगर जगभर गेले, त्याच्या मुळाशी ह्या दोन युक्त्या होत्या.

आता कोणी म्हणेल की मग आयता परदेशी फाळ पुढे ठेवावा, त्याचाच साचा घ्यावा आणि तसाच ओतावा. त्यात विद्या ती कोणती? परंतु खरी मेख येथेच आहे. वितळलेले बीड निवताना आक्रसते. एका फुटास सुमारे एक अष्टमांश इंच इतकी त्याची घट होते. म्हणजे तयार फाळावरूनच साचा घेतला, तर त्यातून निघालेला फाळ मूळच्यापेक्षा लहान निघणार, आणि त्यावरून पुन्हा दुसरा घेतला तर तो आणखी लहान. दिसावयास तो अगदी सारखा दिसेल, पण भोकात बोल्ट जाणार नाही. म्हणून लाकडी फर्मा करणाराने घट हिशेबात धरून तो मुद्दाम मोठा केला पाहिजे. त्याकरिता मोजपट्टीच तेवढ्या वाढीची वापरतात. नक्कल करणारा डोळ्यांवर विश्वास ठेवतो. कारागीर मापावर ठेवतो. रंग न कळणारे परंतु रेषा अचूक ओढणारे लक्ष्मणराव ह्या कामास किती योग्य होते हे आता ध्यानात येईल. लहानपणी जे वैगुण्य वाटले, त्यानेच त्यांस योग्य मार्गावर आणून सोडले होते.

नांगर तयार झाला. पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते हा समज आपल्याकडेही होताच. पहिले गिऱ्हाईक मिळावयास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे माल घरात पडून राहावा, भांडवल गुंतून राहावे, आणि ज्यांच्या हिताकरिता खटपट केली त्यांनीच संशयाने पाहावे, ही कसोटी काही लहान नव्हे. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांस दोष दिला नाही. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून आहे त्याने नव्या वस्तूविषयी साशंक असावे हे शहाणपणाचेच आहे. अशा माणसाची खात्री व्याख्यानाने पटत नाही. शेजाऱ्याच्या शेतात नांगर चालताना पाहून, आणि तो मोडल्यावर दुरुस्त होतो हे अनुभवूनच पटते. हळूहळू तशी ती पटत गेली, आणि मागणी येऊ लागली.

इतक्यात दुसरे संकट कोसळले. बेळगावातील त्यांच्या कारखान्याची जागा नगराच्या वाढीसाठी हवी झाली, व त्यांस तेथून उठणे प्राप्त झाले. अशा समयी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांस आश्रय दिला. स्वतः चित्रकलेचे मोठे भोक्ते असलेल्या ह्या राजाने लक्ष्मणरावांची योग्यता ओळखली, आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन व कर्जाऊ रक्कम देऊन कारखाना उभारण्यास साहाय्य केले. जमीन म्हणजे निव्वळ माळ होता. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. तेथे १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या मंडळींसह दाखल झाले. त्यांच्या पत्नी राधाबाई ह्यांनी त्या उजाड माळावर संसार थाटला. तेच आजचे सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी; स्टेशनासही पुढे तेच नाव मिळाले.

ह्या वसाहतीत जमलेली माणसेही पाहण्यासारखी होती. यंत्रकामात निष्णात असे शंभुराव जांभेकर, कारभार पाहणारे मंगेशराव रेगे, शाळेत न रमलेला पण कामात तरबेज झालेला अनंतराव फळणीकर असे निरनिराळे गुण असलेले सहकारी त्यांनी जमविले. सरकारदरबारी ज्यांच्यावर दरोडेखोर असा शिक्का बसला होता अशा पिराजी व तुकाराम ह्या रामोशांस त्यांनी रखवालीचे काम दिले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यतेस वाडीत थारा नव्हता. माणूस मोडलेला दिसला म्हणून त्यास टाकून न देता, त्याचा योग्य जागी उपयोग कसा होईल हे पाहण्याची त्यांची रीत होती. नांगराविषयी जी दृष्टी, तीच माणसांविषयीही होती असे म्हणावयास हरकत नाही.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले, आणि परदेशाहून येणारे लोखंड दुर्मीळ झाले. नांगरांची मागणी तर वाढलेली. अशा वेळी जुन्या किल्ल्यांवर निकामी पडलेल्या तोफांकडे त्यांचे लक्ष गेले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज ह्यांनी अशा जुन्या तोफा त्यांस दिल्या, आणि त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. तरवारी मोडून त्यांचे फाळ करावे ही कल्पना फार पुरातन आहे. परंतु ती अक्षरशः अमलात आलेली पाहण्याचे भाग्य थोड्याच देशांस लाभले असेल. ज्या लोखंडाने एके काळी माणसे मारली, त्यानेच पुढे जमीन नांगरून माणसे जगविली.

१९२० साली किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केले. आरंभी कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस देणे हा त्याचा हेतू होता. पुढे त्यातूनच किर्लोस्कर हे सर्व महाराष्ट्राचे आवडते मासिक झाले. नांगर विकून मोकळे न होता, तो घेणाराशी पत्राने संबंध ठेवावा, ही गोष्ट त्या काळी नवीनच होती. लोखंडी नांगर आता इतरही करू लागले होते. सातारा रोड येथे धनजीशा कूपर ह्यांचा कारखाना निघाला, आणि शेतकऱ्यास एकाऐवजी दोन देशी नांगर तुलना करून घेण्याची संधी मिळाली. अशी चढाओढ गिऱ्हाइकास हितकारकच असते. १९२६ पासून वाडीस पाण्याचे पंप होऊ लागले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नाही, आणि नांगरांचा खप बसला. तेव्हा निरनिराळ्या वस्तू करून कारखाना जगविण्यात आला. अमेरिकेहून यंत्रविद्या शिकून आलेले त्यांचे चिरंजीव शंतनुराव ह्यांनी पुढे हा व्याप फार वाढविला. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना, आणि १९४६ मध्ये बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा व पुण्यास तेलाच्या इंजिनांचा, अशा त्यांच्या शाखा पसरल्या.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, आपल्या डोळ्यांदेखत माळाचे नगर झालेले पाहून ते गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. १९७४ च्या सुमारास नाशिक येथे त्यांच्या आडनावाचे ट्रॅक्टरही तयार होऊ लागले होते. बैलाच्या नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंतचा हा प्रवास सत्तर वर्षांच्या आसपास घडून आला.

येथे पालकांस दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आज आपल्या गावांत बैलांचा नांगर थोडा उरला असून ट्रॅक्टर घरोघर नसला तरी गल्लोगल्ली आहे. त्यांपैकी काही पन्नास वर्षांचे जुने आहेत. मुंबईजवळ कांदिवली येथे १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास ह्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचा बी-२७५ हा मूळ इंग्लिश नमुन्याचा ट्रॅक्टर अजून कित्येक शेतकरी जिवापाड जपतात. मद्रासेस १९६० साली निघालेल्या टॅफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरही तसेच. अशा जुन्या यंत्राचा भाग बाजारात न मिळाल्यास दुसऱ्या जुन्या ट्रॅक्टरचा भाग काढून त्यास बसविण्याची पाळी येते. तो बसेल की नाही? हा प्रश्न लक्ष्मणरावांच्या फाळाचाच प्रश्न आहे.

ह्याचे उत्तर रंग पाहून किंवा नाव वाचून मिळत नाही. एकाच नावाखाली कारखानदार काही वर्षांनी आतील भाग बदलतो, आणि वेगळ्या नावाच्या दोन ट्रॅक्टरांत कधी एकच भाग असतो. म्हणून आधी दोन्ही यंत्रांचे मॉडेल व इंजिनावर कोरलेला क्रमांक पाहावा. जुना भाग सोबत न्यावा. चक्राचे दात मोजावे. दांड्याचा व्यास आणि भोकांतील अंतर मोजपट्टीने नव्हे तर व्हर्नियरने पाहावे. बोल्टाच्या आट्यांवर तर विशेष लक्ष द्यावे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ ह्याने १८४१ साली ठरविलेल्या आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा, तर अमेरिकन व मेट्रिक आट्यांचा साठ अंशांचा असतो. असे दोन बोल्ट हातात सारखेच वाटतात. एखादा फेरा बसतोही. आणि मग जोर लावला की आटेच झिजतात व भाग कायमचा नासतो. स्वस्त मिळाला म्हणून बळेच बसविलेला भाग पुष्कळदा सर्वांत महाग पडतो, कारण त्याची किंमत आपण हंगामाने मोजतो.

मापावर एकमत झाले म्हणजे केवढे हित होते ह्याचाही एक दाखला देतो. आयर्लंडातील हॅरी फर्ग्युसन ह्याने, ज्याचा मृत्यू १९६० साली झाला, ट्रॅक्टरमागे अवजार तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत रूढ केली. पुढे सर्व कारखानदारांनी तिची मापे ठरवून घेतली. पहिल्या वर्गाच्या जोडणीत खालच्या दोन खिळांचा व्यास सुमारे बावीस मिलिमीटर, दुसऱ्या वर्गात सुमारे अठ्ठावीस. त्यामुळे आज एका कंपनीचा नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला, वर्ग व शक्ती जुळत असल्यास, विनासायास जोडता येतो. एका शेतकऱ्याचे अवजार शेजाऱ्याच्या कामास येते. परस्परांस साहाय्य करण्याची इच्छा गावात पूर्वीही होती. पण माप जुळल्यावाचून इच्छा उपयोगी पडत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याविषयी. लक्ष्मणरावांच्या चरित्रातून उद्योग, धैर्य, चिकाटी हे गुण घ्यावे हे तर खरेच. परंतु त्याहून एक लहानशी गोष्ट मी तुमच्या ध्यानात आणून देऊ इच्छितो. त्यांनी ज्या शेतकऱ्यासाठी फाळ ओतला, तो त्यांस बहुधा कधीच भेटावयाचा नव्हता. चार वर्षांनी, दोनशे मैलांवर, भर उन्हात कोणी एक अनोळखी माणूस मोडका फाळ सोडवून नवा लावील, तेव्हा तो बसलाच पाहिजे, एवढ्यासाठी त्यांस आपल्या ओतशाळेत माप सांभाळावे लागले. भूमितीच्या तासाला तुम्ही जी रेषा ओढता, विज्ञानाच्या प्रयोगात जे वजन नोंदता, ते परीक्षकास दाखविण्यापुरते आहे असे समजू नका. अचूकपणा हा अनोळखी माणसाशी पाळलेला प्रामाणिकपणा होय.

तुमच्यापैकी काहींस पुस्तकांत गोडी वाटत नसेल, आणि त्यामुळे आपण मागे पडलो असे वाटत असेल. त्यांनी गुर्लहोसूरच्या ह्या मुलाची आठवण ठेवावी. पण तीही पूर्णपणे ठेवावी. त्याने शाळेचा कंटाळा केला असेल, परंतु शिकण्याचा कधी केला नाही. कारखान्यात, भट्टीपुढे, शेताच्या बांधावर तो आयुष्यभर विद्यार्थीच राहिला. आणि पालकहो, तुमचा मुलगा अथवा मुलगी गोठ्यातील जुने यंत्र उघडून बसली, हात तेलाने काळे झाले, तर एकदम रागावू नका. हातात मोजमापाचे साधन द्या, आणि जे सोडविले ते पुन्हा जसेच्या तसे बसविण्यास सांगा. त्या परीक्षेत जो उतरेल, तो कोणत्याही गावास उपयोगी पडेल.